टायरच्या आतली रेघ

वैशाख लागला की आमच्या लोधीपुऱ्यात पहाटेपासून केळीच्या चिकाचा वास येतो. बाहेरगावच्या माणसाला केळीचा वास म्हटलं की पिकलेलं, गोड काहीतरी आठवतं. कापणीचा वास वेगळा. तो हिरवा, तुरट, ओल्या सुतळीसारखा असतो आणि थेट घशाशी येतो. तापीकाठच्या मळ्यांतून घडांनी भरलेल्या गाड्या गल्लीच्या तोंडावरून जातात, खाली अंथरलेली केळीची पानं फाळक्याबाहेर लोंबत असतात आणि मागे रस्त्यावर चिकाचे थेंब पडत जातात. हा चीक कपड्यावर पडला तर आधी दिसत नाही. वाळला की काळा पडतो, आणि मग कपडा विरला तरी डाग हलत नाही. आमच्या घरात डागाशिवायचा जुना कपडा सापडणं कठीण. पीएच.डी.च्या मुलाखतीला मी जो कुर्ता घालून गेले होते, त्याच्याही बाहीवर एक होता.

यंदा सुट्टीत घरी आले. स्टेशनबाहेर रिक्षात बसले, तो वास आला, आणि मला तो एक वैशाख आठवला. संशोधनाचं शेवटचं वर्ष होतं. तेव्हाही मी याच रस्त्याने आले होते, मांडीवर जुन्या ओढणीत गुंडाळलेला एक डबा घेऊन. रिक्षावाल्याने विचारलं, "मिठाई है क्या, दीदी?" मी हो म्हटलं. खरं सांगायला गेले असते तर घर आलं असतं, पण विषय संपला नसता.

माझा विषय सांगितला की लोक हसू दाबतात. आईचीही पंचाईत व्हायची. शेजारणीला ती मोठ्या तोऱ्यात सांगायची, "पोरगी डॉक्टर होऊन राहिली." शेजारीण विचारायची, "कशाची?" मग आई जरा थांबायची आणि म्हणायची, "गाडीच्या चाकाची." एकदा तर गल्लीतल्या एक मावशी स्कूटर घेऊन दारात आल्या. म्हणाल्या, मागचं चाक आवाज करतंय, पल्लवी आहे का घरी?

आता चाकाची डॉक्टर म्हणजे काय, ते सांगते. बुधवारा पेठेत लग्नपत्रिका छापायचं एक दुकान होतं. लहानपणी शाळेतून येताना मी तिथे रेंगाळायचे. लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी, जाळीवर ओतलेली शाई, आणि वरून सर्रकन ओढलेली रबराची पट्टी. चौकट उचलली की खाली कोऱ्या कागदावर गणपती उमटलेला. हाताने काढलेला नाही, यंत्राने दाबलेला नाही, नुसता जाळीतून गाळून खाली उतरलेला. मला ते बघताना तोंड उघडं टाकून उभं राहायची सवय होती, आणि दुकानदार म्हणायचे, "माशी जाईल आत." प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी सरांनी मला नेऊन जिच्यासमोर उभं केलं ती तशीच चौकट होती, तशीच जाळी. फक्त शाईत चांदीचे कण होते आणि खाली कागदाऐवजी मधाच्या रंगाची पातळ फिल्म. छापायचा होता तो केसासारखा बारीक, नागमोडी रेघांचा पट्टा. हा पट्टा भट्टीत भाजला की त्यातून वीज वाहते. तो जरासा ताणला की विजेची वाट अवघड होते, सैल पडला की सोपी होते. एवढीच त्याची करामत. असा पट्टा टायरच्या आतल्या बाजूला चिकटवला, की टायर किती वाकला, कुठे वाकला, त्याच्यावर भार किती, हे तो रेघेच्या ताणातून सांगतो. रबराला जणू स्वतःचं अंग कळायला लागतं.

खरं म्हणजे मी या विषयावर भाळले ते आणखी एका गोष्टीमुळे. गाडी कितीही मोठी असो, तिचं एक चाक जमिनीला टेकतं ते साधारण तळहाताएवढ्या जागेवर. चार चाकं म्हणजे चार तळहात. घडांनी शिगोशीग भरलेली पिकअप, तिचं लोखंड, डिझेल, चालक, त्याचा डबा, समोर डोलणारा गणपती, सगळं त्या चार तळहातांवर तोललेलं असतं. आणि याहून मोठं नवल म्हणजे चाकाचा जो भाग जमिनीला टेकलेला असतो, तो त्या क्षणी जमिनीवर अगदी स्थिर असतो. गाडी धावत असते, चाक फिरत असतं, पण टेकलेला ठिपका थांबलेला असतो. मग तो उचलला जातो आणि दुसरा येऊन थांबतो. पुस्तकात हे दोन ओळींत लिहिलेलं होतं. ते वाचलं त्या दिवशी मी वसतिगृहाच्या फाटकाशी जाऊन कितीतरी वेळ येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांची चाकं बघत उभी होते. वॉचमनने विचारलं, कोणी यायचंय का.

तर त्या वैशाखात डब्यात अशा पट्ट्या घेऊन मी आले होते. प्रयोगशाळेतल्या लोखंडी रोलरवर त्या नीट चालत होत्या. आता त्यांना खरा रस्ता, खरा भार आणि खरं ऊन हवं होतं. आणि या तिन्ही गोष्टी माझ्या घरी फुकट होत्या. आप्पा, म्हणजे माझे वडील, स्वतःची पिकअप चालवतात. कापणीत रोज मळ्यातून कच्च्या घडांच्या खेपा, आणि आठवड्यातून एकदा पिकलेली केळी घेऊन धूलकोटच्या बाजाराला. तो रस्ता डोंगरातून जातो, चढ-उताराचा, आणि वैशाखात त्याच्यावर सावली म्हणून औषधाला नसते.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर चाचांचं पंक्चरचं दुकान आहे. त्यांनी मागचं डावं चाक उतरवलं, टायर सोडवला, मी आतून तो घासून पुसून पट्टी चिकटवली आणि रिमला काडेपेटीएवढी डबी बसवली. पट्टी जे सांगेल ते ही डबी साठवून ठेवणार, आणि गाडी दारात आली की बिनतारी माझ्या लॅपटॉपवर उतरवणार. चाचा चष्मा कपाळावर सरकवून वाकून बघत होते. म्हणाले, "अरे बिटिया, टायर को राखी बाँध रही हो क्या?" आप्पा मोठ्याने हसले. मी काट्यावर बघून, कंपनीने सांगितलेली तेवढी हवा चारही चाकांत भरून घेतली आणि तसं लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी हंगामाची पहिली खेप होती. पहिल्या खेपेला आई चारही चाकांखाली लिंबं ठेवते. गाडी ती चिरडत निघाली की आई कडाकडा बोटं मोडते आणि आत जाते, मागे वळून बघत नाही. मी तिला पट्टीच्या चाकापुरतं राहू दे म्हणणार होते. पण तिच्या तोंडाकडे बघून तो विचार सोडला.

दुपारी गाडी आली. मी लॅपटॉप घेऊन तापलेल्या ओट्यावर बसले, आणि पडद्यावर पट्टीच्या ताणाची रेघ आली. एक उंचवटा, मधली सपाटी, पुन्हा उंचवटा. टेकायच्या आधी रबर वाकतं, टेकलं की सपाट होतं, सुटताना पुन्हा वाकतं. एक फेरा. मग दुसरा. मग तिसरा. लोधीपुऱ्यापासून मळ्यापर्यंतचा आणि मळ्यापासून घरापर्यंतचा सगळा रस्ता असा फेऱ्याफेऱ्याने मोजून आला होता. खड्डे ओळखू येत होते. गतिरोधक तर मी नावानिशी सांगितले. आणि अगदी सुरुवातीला, पहिल्याच फेऱ्यात, एक लहानसं नको तिथलं टेंगूळ होतं. मला क्षणभर कळेचना. मग कळलं आणि मी हाक मारली.

"आई, इकडे ये. हे बघ तुझं लिंबू."

आई पदराला हात पुसत आली, पडद्यावर वाकली. "हे? इतकंसं?" मग हळूच, "म्हणजे लागलं ना बरोबर चाकाखाली?"

त्या संध्याकाळी मी फार आनंदात होते. रात्रीचा घास उतरायच्या आत तो आनंद गेला, कारण मी आकडे काढायला बसले. दोन उंचवट्यांमधली सपाटी जास्त लांब येत होती. भरलेल्या हवेच्या मानाने टायर जमिनीला जेवढा टेकायला हवा होता, त्याहून बराच जास्त टेकतोय असं पट्टी म्हणत होती. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. हवा मी स्वतः भरलेली, भार माहीत, टायर माहीत. मग चूक कोणाची? उघड होतं. उन्हाने डिंक सैल झाला असणार, पट्टी रबरावर सरकत असणार आणि खोटं सांगत असणार. जी वस्तू वैशाखात खोटं बोलते ती माणसांच्या गाडीत कशी बसवायची? माझ्या सगळ्या प्रबंधाचा कणा तो डिंक आणि ती रेघ होती. मी जेवणावरून उठायला लागले. आईने भरीत केलं, मांडे आणले, कशालाच चव लागेना. आप्पा विचारायचे, "काय झालं बेटा? मशीन बिघडलं का?" मी म्हणायचे, "मशीन नाही आप्पा, मीच."

त्या दिवसांत एक गोष्ट रोज दिसायची. खेपेवरून आले की आप्पा उतरून चाकाला हात लावायचे, चटका बसल्यासारखा तो काढून घ्यायचे आणि बोटांवर फुंकर मारायचे. "वैशाख आहे बा," म्हणत हातपाय धुवायला जायचे. मी बघत होते आणि मला काहीही सुचत नव्हतं.

मग एका सकाळी दात घासत ओट्यावर आले, तर आप्पा मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसलेले. हातात काडी. काडीने ते व्हॉल्व्हची पिन दाबत होते आणि बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. पुरेसं झाल्यावर त्यांनी टोपण बसवलं, टायरवर थाप मारली आणि पुढच्या चाकाकडे सरकले.

"आप्पा, काय करताय?"

"हवा सोडून राहिलो थोडी. ऊन पाहिलं का? तू भरली ती थंडीतली हवा."

"रोज सोडता?"

"रोज कशाले? पहिल्या खेपेच्या सकाळीच सोडली होती. काल संध्याकाळी चाचाने तुझ्या हिशेबाने पुन्हा भरून दिली, मी सोडली ते त्याले माहीत नव्हतं."

तोंडात फेस घेऊन मी तशीच उभी राहिले. पट्टी खरं बोलत होती. डिंक हलला नव्हता, रेघ चुकली नव्हती. माझ्या बापाने काडीने सोडलेली चार फुंकरांएवढी हवा त्या केसाएवढ्या रेघेला आतून कळली होती, आणि ती रोज मला तेच सांगत होती, आणि मी तिलाच खोटी ठरवून बसले होते. इतकं भरून आलं की मी त्या टायरला हात जोडले असते. आणि त्याच क्षणी मी वाकून टायरला कुठे चीर पडलीय का बघायला लागले. कारण त्या लांब सपाटीचा दुसरा अर्थ मला तोंडपाठ होता. हवा कमी असली की टायर दर फेऱ्याला जास्त चेपतो, जास्त चेपला की आतून जास्त तापतो, आणि भरल्या गाडीला उतारावर तो फाटू शकतो. टायर फुटू नये म्हणून आप्पा जे करत होते, त्यानेच तो फुटायला टेकला होता. एकटे आप्पाच असं करत होते असंही नाही. आमच्याकडे सगळेच उन्हाळ्यात हवा सोडतात. गरम हवा फुगते हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून आधीच जागा करून ठेवायची.

मी सांगायचा प्रयत्न केला. हवा फुगते हे खरं, पण तेवढी जागा टायर बनवणाऱ्याने आधीच धरलेली असते. आप्पांनी पावसाच्या बातम्या ऐकाव्यात तसं ऐकून घेतलं. "वैशाखात टाइट हवा म्हणजे बाँब, बेटा. मी पाहिलेत फुटलेले." चाचांकडे गेले, तर तेही म्हणाले, "गर्मी में तो सब थोड़ी कम ही रखते हैं." मी लॅपटॉप उघडून रेघ दाखवली. आप्पा म्हणाले, "छान आहे." आई म्हणाली, "लिंबू दाखव ना पुन्हा."

दोन दिवस मी भांडले, रुसले, शेवटी रडले. म्हटलं, "पुरी हवा भरून एकदा धूलकोटला जा. दोन्ही रेघा शेजारी ठेवल्याशिवाय माझं काम पुरं होत नाही." बाजाराच्या आदल्या संध्याकाळी आप्पा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "ठीक आहे. सकाळी भर तुझ्या हिशेबाने."

पुढे मौखिक परीक्षेच्या वेळी परीक्षक बाईंनी मला विचारलं होतं, "या पट्टीवर तुमचा स्वतःचा किती भरवसा आहे?" मी पाठ केलेलं उत्तर दिलं, आलेख दाखवले, बाईंनी मान हलवली. पण उत्तर देताना माझ्या डोळ्यांसमोर आलेख नव्हते. आमचा ओटा होता, आणि धूलकोटला निघालेली पिकअप होती.

त्या सकाळी गारव्यातच चाचांकडे चारही चाकांत पुरी हवा भरली. पिकलेल्या केळीचे क्रेट चढले. मी पाण्याची बाटली घेऊन पुढच्या सीटवर चढायला गेले, तर आप्पा म्हणाले, "तू नको. सीटवर सामान ठेवायचंय." नेहमी बरोबर जाणारा हमालही गाडीत नव्हता. आप्पा म्हणाले, तो बसने येतोय. मी रेघेच्या नादात होते, मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मी आत आले. आई देवापुढे बसली होती. पहिल्या खेपेशिवाय ती कधी गाडीसाठी बसत नाही.

"आज काय, आई?"

तिने समईची वात सारखी केली. मग म्हणाली, "तुझे आप्पा काल मले म्हणे, पोरीचं शिक्षण अडून राहिलं. एक खेप जाऊ दे तिच्या मनासारखी. पण तिले गाडीत बसू देऊ नको. हमालालेही मी बसनं पाठवतो. झालंच काही, तर मी एकटा."

मी तिच्याशेजारी बसले. आप्पांना पटलंच नव्हतं. त्यांच्या लेखी ते चार बाँब घेऊन डोंगरात गेले होते, माझ्या प्रबंधासाठी. आणि मला ठाऊक होतं की आजवरच्या कुठल्याही वैशाखापेक्षा आज त्यांची चाकं जास्त सुरक्षित आहेत. गणित माझ्या बाजूने होतं, भौतिकशास्त्र होतं, ती चांदीची रेघ होती. तरी मी सारखी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन येत होते. फोन करायचा धीर होईना, घाटात फोन लागतही नाही. ऊन अंगणातून सरकत ओट्यावर आलं. बाहेरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकून आई आणि मी एकमेकींकडे बघत होतो. आयुष्यभर शिकलेलं सगळं खरं असावं म्हणून इतकी प्रार्थना मी परीक्षेच्या दिवशीही केली नव्हती.

उन्हं उतरायला लागली तेव्हा ओळखीचा हॉर्न वाजला. पिकअप दारात येऊन उभी राहिली. आप्पा उतरले. आमच्याकडे न बघता नेहमीसारखे मागे गेले, वाकले आणि डाव्या चाकाला हात लावला.

हात तिथेच राहिला. मी बघत होते. फुंकर नाही, झटका नाही. त्यांनी पूर्ण तळवा टेकवला, जरा दाबला, मग पलीकडे जाऊन उजव्या चाकालाही तसाच लावला.

मग माझ्यासमोर आले. "कोमट आहे," म्हणाले. "नुसतं कोमट आहे, बेटा." आणि तोच काळा झालेला तळवा त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला.

आई दारातून ओरडली, "अहो, हात तरी धुवा! नाहलेली पोरगी ती! जा गं, केस धुऊन घे."

"राहू दे," मी म्हणाले.